घरी कॉफी भाजायची जागा: मशीनच्या आधी काय लागतं

कॉफी घरी भाजायची असं मनात आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘मशीन कुठलं घेऊ?’ मला कुणी हे विचारलं की मी आधी दोन गोष्टी विचारून घेते. धूर कुठून बाहेर जाणार? आणि भाजून झालेल्या बिया कशावर ओतणार? या दोन्हींची उत्तरं तयार असतील तर घरातल्या बिडाच्या कढईतही सुंदर कॉफी भाजता येते. नसतील तर महागडं मशीनसुद्धा दुसऱ्या आठवड्यात माळ्यावर जातं.

मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहते. वेगळी खोली नाही, गच्ची सोसायटीची. स्वयंपाकघर आणि त्याला लागून असलेली ड्राय बाल्कनी, एवढ्या जागेत मी दर आठवड्याला कॉफी भाजते. खाली लिहिलंय ते सगळं अशाच घरासाठी आहे, आणि ज्यांनी हिरवी, म्हणजे न भाजलेली, कॉफी अजून हातातही घेतलेली नाही त्यांच्यासाठी आहे.

जागा

कॉफी भाजताना चार गोष्टी बाहेर पडतात: वाफ, धूर, वास आणि पापुद्रे. प्रत्येक बीवर एक पातळ, चंदेरी पापुद्रा चिकटलेला असतो. उष्णतेने तो सुटतो आणि शेंगदाण्याच्या फोलपटासारखा उडत राहतो. फरक इतकाच की हा पापुद्रा त्याहून हलका असतो आणि वाऱ्याच्या झुळुकीबरोबर कुठेही पोचतो. पहिल्या महिन्यात मी बाल्कनीच्या कठड्याशी उभी राहून बिया पाखडल्या आणि सगळे पापुद्रे खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या धुतलेल्या चादरीवर जाऊन बसले. चादर मी परत धुऊन दिली. तेव्हापासून दोऱ्यांवरचे कपडे निघाल्याशिवाय, म्हणजे संध्याकाळी पाचच्या आधी, मी भाजायला घेत नाही. तुमच्या इमारतीची वेळ तुम्ही बघून ठरवा, पण ठरवा नक्की.

भाजण्याची जागा खिडकीपाशी हवी, मात्र खिडकीतून येणारा वारा थेट शेगडीवर नको. वाऱ्याने ज्योत लपलपते, कढई एका बाजूने गार पडते आणि दोन वेळा तंतोतंत सारखी भाजणी होत नाही. म्हणून मी शेगडी आत ठेवते आणि बिया गार करायचं काम बाल्कनीत करते. मधलं अंतर तीन पावलं. हे अंतर आधी रिकाम्या हाताने चालून बघा. वाटेत पायपुसणं, चपला, पाण्याची बादली काही नको. तापलेली जड कढई हातात असताना पायात काही येऊन चालत नाही. कढई उचलणं जमणार नसेल तर चाळणच शेगडीशेजारी आणा.

स्वयंपाकघरात चिमणी असेल तर ती कुठल्या प्रकारची आहे ते बघा. पाइपने धूर घराबाहेर टाकणारी असेल तर उत्तम. बिनपाइपची, कोळशाच्या फिल्टरमधून हवा परत घरातच सोडणारी असेल तर कॉफीच्या धुरापुढे तिचा फारसा उपयोग होत नाही. मग खिडकीत एक्झॉस्ट पंखा हवा. चिमणीची जाळी तेलकट असेल तर आधी धुवा. तेलाच्या थरावर पापुद्रे जाऊन चिकटतात, आणि खाली मोठी आच असताना असा थर पेटू शकतो.

उजेडाकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. तपकिरी रंगाच्या पाच-सहा छटा ओळखायच्या असतात, आणि पिवळ्या बल्बखाली बी आहे त्यापेक्षा काळी दिसते. ‘झालीच’ म्हणून उतरवावी आणि सकाळी खिडकीत बघावं तर कच्ची, असं होतं. कढईच्या बरोबर वर पांढरा एलईडी लावा. तुमची सावली कढईत पडणार नाही अशा बाजूला तो हवा.

तिसरी गोष्ट कान. कॉफी भाजताना बी दोनदा फुटते आणि तो आवाज ऐकणं हेच अर्धं काम आहे. चिमणी पूर्ण वेगावर असेल, शेजारी कुकरच्या शिट्ट्या होत असतील, तर तो आवाज निसटतो. खरा धूर फुटण्याच्या सुमाराला सुरू होतो. तोवर चिमणी सर्वांत कमी वेगावर ठेवा, आवाज आला की वेग वाढवा.

शेगडी आणि भांडं

सुरुवात घरच्या गॅसवर, बिडाच्या किंवा जाड लोखंडाच्या कढईत करा. जाड कढई उष्णता धरून ठेवते, त्यामुळे बिया टाकल्यावर ती एकदम गार पडत नाही. माझी कढई 30 सेंटिमीटर व्यासाची आहे आणि तिच्यात मी 150 ग्रॅम बिया घेते. त्याहून जास्त घ्यायचा मोह टाळा. बिया भाजताना जवळजवळ दीडपट ते दुप्पट फुगतात, आणि कढई भरली की उलथन्याखाली सगळ्या बिया फिरत नाहीत.

ही कढई कॉफीपुरतीच ठेवा. जिच्यात रोज फोडणी होते त्या कढईच्या अंगात हिंग-मोहरी मुरलेली असते आणि बिया तो वास उचलतात.

नॉनस्टिक भांडं घेऊ नका, हे मी कळकळीने सांगते. कॉफी भाजताना भांड्याचा तळ बियांपेक्षा बराच जास्त तापतो, आणि साधारण 260 अंशांच्या पुढे नॉनस्टिकचा थर खराब होऊन विषारी वाफा सोडायला लागतो. घरात पोपट किंवा लव्हबर्ड्स असतील तर त्यांना या वाफा जिवावर बेततात. तसंही कॉफी भाजताना पिंजरा दुसऱ्या खोलीत नेऊन दार लावून घ्या. साधा धूरही त्यांना सोसत नाही.

इंडक्शनवर बिडाची कढई चालते, पण बऱ्याच शेगड्या तळ फार तापला की आपोआप बंद होतात, आणि नेमक्या नको त्या मिनिटाला होतात. सहलीला नेतात ती गॅसच्या डबीवरची छोटी शेगडी बाल्कनीत सोयीची वाटते. मात्र तिच्यावर भली मोठी कढई ठेवली तर उष्णता उलटून डबीवर येते आणि डबी तापणं धोक्याचं असतं. सिलिंडरची नळी स्वतः लांबवून बाल्कनीत नेण्याचा उद्योग अजिबात करू नका.

कढईखेरीज आणखी दोन रस्ते आहेत. गरम हवेवर चालणारं पॉपकॉर्नचं यंत्र 80 ते 100 ग्रॅम बिया भाजतं. घ्यायचं तर गरम हवा बाजूच्या फटींतून येऊन दाणे गोल फिरवणारं घ्या. ज्या यंत्रांच्या तळाला जाळी असते त्यांत पापुद्रे अडकून जळू शकतात. ही यंत्रं दोन-तीन मिनिटं चालण्यासाठीच बनवलेली असतात, तेव्हा एक घाणा झाला की पूर्ण गार होऊ द्या. दुसरा रस्ता हीट गनचा: स्टीलच्या खोलगट भांड्यात बिया, एका हातात लाकडी डाव, दुसऱ्या हातात गन. ती नवी हवी, जुने रंग खरवडायला वापरलेली नको. 2000 वॅटची गन साधारण 9 अँपिअर ओढते, म्हणून 16 अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लावा. 6 अँपिअरच्या सॉकेटला किंवा साध्या एक्स्टेंशन बोर्डाला लावली तर वायर तापते.

माझं मत विचाराल तर पहिले दहा घाणे कढईतच काढा. रंग, वास, आवाज सगळं समोर उघडं असतं, आणि हात जे शिकतो ते पुढे कुठल्याही यंत्रावर उपयोगी पडतं.

गार करायची सोय

मी या लेखात एकाच गोष्टीवर हटून बसणार असेन तर ती ही. माझी पहिली कॉफी भाजण्यात बिघडली नव्हती. सुंदर बदामी-तपकिरी रंग आला, मी गॅस बंद केला आणि कढई तशीच ओट्यावर ठेवून फोन घ्यायला गेले. परत आले तर बिया काळ्या, तेलाने चमकत होत्या आणि त्यांतून धूर निघत होता. रवा भाजून गॅस बंद केल्यावरही कढईत तो लालसर होत राहतो हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून आपण तो लगेच परातीत काढतो. बीच्या आत तर 200 अंशांच्या पुढची उष्णता कोंडलेली असते, आणि बिडाची कढई तिला खालून आणखी देत राहते.

म्हणून भाजायला सुरुवात करण्याआधीच गार करायची मांडणी पूर्ण हवी. मला सगळ्यांत सोयीची पडली ती गव्हाची चाळण. गहू चाळायची मोठी, पत्र्याच्या किंवा स्टीलच्या कडेची, अशा दोन घ्या. प्लॅस्टिकच्या कडेची घेतली तर पहिल्याच दिवशी कड वितळेल. चाळणीच्या भोकांतून पापुद्रे आणि भुगा खाली पडतो, बिया वर राहतात.

टेबल फॅन बाल्कनीच्या आतल्या बाजूला, तोंड बाहेरच्या दिशेने ठेवायचा, आणि कठड्याला एक जुनी ओली चादर बांधायची. पंख्यासमोर उभं राहून बिया एका चाळणीतून दुसरीत, वीतभर उंचीवरून, ओतत राहायच्या. पापुद्रे उडून ओल्या चादरीला चिकटतात. शेजारी सुखी, आपणही सुखी. बिया तीन ते चार मिनिटांत हाताला कोमट लागायला हव्यात. पाच-सहा मिनिटं लागत असतील तर घाणा मोठा आहे किंवा पंखा लांब आहे. बियांवर पाणी शिंपडायची युक्ती घरी नको. कॉफी लवकर शिळी होते आणि वाफेने हात भाजतो तो वेगळाच.

ज्यांना सूप धरता येतं त्यांनी शेवटी दोनदा सुपात पाखडून घ्यावं. बीच्या मधल्या चिरेत अडकलेला पापुद्रा तसा निघत नाही, आणि निघाला नाही तरी चालतं. जमलेले पापुद्रे लगेच कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. त्यांत एखादी ठिणगी राहिलेली असू शकते. स्टीलच्या भांड्यात तासभर ठेवा, मग कुंड्यांत घाला.

बाकीचं सामान

वजनकाटा, निदान एका ग्रॅमपर्यंत नेमका. भिंतीवरचं घड्याळ किंवा मोबाइलचा स्टॉपवॉच, डोळ्यांसमोर. लांब दांड्याचं लाकडी उलथनं. कोपरापर्यंत येणारे जाड सुती किंवा चामड्याचे हातमोजे. कढईवर बरोबर बसणारं झाकण, हाताशी: कधी कढईत पेटलंच तर आधी गॅस बंद, मग झाकण, आणि झाकण उघडायची घाई नाही. विजेच्या यंत्रावर भाजत असाल तर आधी बटण बंद करून प्लग काढायचा. त्यावर पाणी कधीही नाही. अंगावर सुती कपडे, केस बांधलेले, ओढणी खोचलेली.

लेझर थर्मामीटर सुरुवातीला घेऊ नका. तो वरच्या थराचं तापमान सांगतो आणि चकचकीत स्टीलवर तर साफ चुकतो. सुरुवातीला नाक आणि कान यांच्यावर जास्त भरवसा ठेवा.

आणि एक वही. तिच्याबद्दल पुढे.

हिरव्या बिया

एके काळी मळेवाल्यांना आपली कॉफी कॉफी बोर्डाकडे जमा करावी लागे. नव्वदच्या दशकात ती सक्ती टप्प्याटप्प्याने उठली आणि 1996 पासून ते आपला सगळा माल मोकळेपणाने विकू लागले. आज चिकमगळूर किंवा कोडगूमधला एखादा मळा किलो-दोन किलो हिरव्या बिया कुरिअरने घरी पाठवतो, त्याचं मूळ त्या बदलात आहे. देशातल्या कॉफीचा मोठा वाटा कर्नाटकातूनच येतो. आंध्रातली अराकूची कॉफीही आता सहज मिळते. आपल्याकडे मेळघाटात चिखलदऱ्याला थोडी कॉफी होते. मिळाली तर जरूर भाजून बघा.

पोत्यावर ‘प्लँटेशन ए’ असं दिसलं की समजा, ती धुतलेली अरेबिका (कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी एक, दुसरी रोबस्टा) आहे: फळाचा गर काढून, धुऊन वाळवलेली. ‘ए’ म्हणजे मोठा दाणा, ‘बी’ त्याहून लहान. ‘पीबी’ म्हणजे पीबेरी, फळात दोनऐवजी एकच गोल बी धरलेली. ‘चेरी’ म्हणजे फळासकट वाळवलेली. नवख्याने प्लँटेशन ए किंवा बी घ्यावी. दाणे एकसारखे असतात, रंग बदलताना स्पष्ट दिसतात, फुटण्याचा आवाज खणखणीत येतो. मान्सून मलबारचं नाव ऐकून मोह होतो, पण ती कॉफी पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात ठेवून मुद्दाम फुगवलेली असते. कच्चीच मुळी फिकट पिवळी दिसते, त्यामुळे रंगावरून अंदाज बांधायला शिकणाऱ्याची फसगत होते. ती नंतर.

वेगवेगळ्या बिया एका घाण्यात मिसळू नका. थालीपिठाची भाजणी करताना आपण बाजरी, ज्वारी, हरभराडाळ, उडीद एकत्र कढईत टाकतो का? प्रत्येक धान्य वेगळं भाजतो, कारण प्रत्येकाची आच वेगळी. अरेबिका आणि रोबस्टा, पीबेरी आणि मोठा दाणा, यांचंही तसंच. मिसळायचं ते भाजून झाल्यावर.

पहिल्यांदा दोन किलो एकाच प्रकारच्या बिया घ्या. दोन किलोंत 150 ग्रॅमचे 13 घाणे निघतात, आणि तेरा वेळा तीच बी भाजल्याशिवाय आपण काय बदललं आणि त्याने काय झालं हे कळत नाही. चार प्रकार अर्धा-अर्धा किलो घेणारे बहुतेक चौथ्या घाण्यानंतर गोंधळून सोडून देतात.

बियांत साधारण 10 ते 12 टक्के ओल असते. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, उघड्या राहिल्या तर त्या हवेतली ओल ओढतात आणि बुरशीचा वास धरतात. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, मसाल्याच्या कपाटापासून लांब. अशा ठेवल्या तर सहा-आठ महिने छान राहतात.

पहिला घाणा

बिया ताटात घेऊन तांदूळ निवडतो तशा निवडा. काळ्या पडलेल्या, तुटलेल्या, किडीने बारीक भोक पाडलेल्या काढून टाका. खडा सापडला तर तो नक्की काढा. तो तुमच्या ग्राइंडरचं पातं मोडेल. मग 150 ग्रॅम मोजा आणि वहीत लिहा.

चाळणी, पंखा, हातमोजे, झाकण, घड्याळ जागेवर आहेत हे बघा. आता कढई मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं तापवा. पाण्याचा एक थेंब टाकला तर तो गोळी होऊन नाचत सुटायला हवा. तो पूर्ण उडून गेला की बिया टाका आणि घड्याळ सुरू करा.

या क्षणापासून हात थांबवायचा नाही. खालून वर, कडेने आत, सतत. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं. बिया हिरव्याच असतात, ओल्या गवताचा वास येतो, हात अवघडतो. तरी आच वाढवू नका. इथे घाई केली तर बी बाहेरून रंग घेते आणि आतून कच्ची राहते.

चार-पाच मिनिटांनी हिरवा रंग जाऊन पिवळा येतो. वास बदलतो: आधी वाळक्या गवताचा, मग तव्यावर भाकरी भाजताना येतो तसा. सगळ्या बिया पिवळ्या झाल्या ती वेळ लिहून ठेवा. त्यानंतर रंग भराभर बदलतो. दालचिनीचा तपकिरी येतो, पापुद्रे सुटून कढईत फिरायला लागतात, बियांवर सुरकुत्या पडतात, कुठे काळपट, कुठे फिकट अशा ठिपकेदार दिसतात. या वेळी त्या अगदी कुरूप दिसतात आणि नवखा माणूस घाबरतो. घाबरायचं कारण नाही, हात चालू ठेवायचा. आठव्या-नवव्या मिनिटाला वास गोडसर, किंचित आंबूस होतो. आता कान द्या.

नऊ ते अकरा मिनिटांच्या दरम्यान कुठेतरी एक ‘टक्’. मग शांतता. मग आणखी दोन. मग लाह्या फुटाव्यात तसा सलग आवाज सुरू होतो. हा फर्स्ट क्रॅक. या वेळी बीचं तापमान साधारण 195 ते 205 अंश असतं. आतली वाफ आणि वायू यांच्या दाबाने बी फुगते आणि मधली चीर उघडते. पहिल्या एक-दोन टकटकींवर जाऊ नका, सलग आवाज सुरू झाला की वेळ लिहा. सुरकुत्या उलगडतात, बी गुळगुळीत होते. मघाचं ते ठिपकेदार कुरूप रूप तुमच्या डोळ्यांसमोर पुसलं जातं. शेकडो घाणे काढले, तरी हे अर्धं मिनिट मी श्वास धरून बघते.

आच आता किंचित कमी करा, एकदम मंद नको. एकदम मंद केली तर भाजणं तिथेच अडकतं आणि कॉफी चवीला सपक होते. क्रॅक सुरू झाल्यापासून साधारण सव्वा मिनिटाने उतरवली तर मध्यम भाजणी मिळते. पहिल्या घाण्याला हेच धरा.

आणखी दोनेक मिनिटं ठेवलीत तर दुसरा आवाज सुरू होतो, सेकंड क्रॅक. हा बारीक, जलद, फोडणीत मोहरी तडतडावी तसा. तापमान 225 च्या आसपास. धूर निळसर आणि दाट होतो, बीवर तेल दिसायला लागतं. स्टीलच्या फिल्टरमधली दुधाची कॉफी आवडणाऱ्यांना सेकंड क्रॅकच्या उंबरठ्यापर्यंत नेलेली भाजणी आवडते, आणि त्यात गैर काही नाही. मात्र पहिल्या दोन-तीन घाण्यांत तिकडे जाऊ नका. मोहरीसारखं तडतडू लागल्यावर प्रत्येक दहा सेकंदांनी कॉफी बदलते, आणि आग लागण्याची शक्यताही तिथूनच सुरू होते.

गॅस बंद. बिया ताबडतोब चाळणीत. आणि पंखा.

वजन आणि वही

गार झालेल्या बिया पुन्हा मोजा. 150 चे 127 ग्रॅम भरले तर 15 टक्क्यांच्या थोडी वर घट झाली, म्हणजे मध्यम भाजणी. 11 ते 13 टक्के घट फिकट भाजणीची, 17 च्या पुढे काळ्या भाजणीची. रंगाबद्दल दोन माणसांत वाद होऊ शकतो, वजनाबद्दल होत नाही. माझ्या वहीतली एक ओळ अशी असते:

‘12 जुलै. पाऊस. चिकमगळूर, प्लँटेशन ए. आत 150, बाहेर 127. पिवळी 4:40. क्रॅक 9:50. उतरवली 11:10. नवव्या मिनिटाला आच थोडी कमी.’

हवामान लिहिते, कारण जुलैच्या दमट संध्याकाळी आणि मे महिन्यातल्या दुपारी त्याच गॅसवर वेळ वेगळी येते. पुढच्या घाण्याला एकच गोष्ट बदला. आच बदलली तर वजन तेच, उतरवायची वेळही क्रॅकपासून तीच.

भाजलेल्या बिया पसरून बघाल तेव्हा काही इतरांपेक्षा बऱ्याच फिकट राहिलेल्या दिसतील. त्या न पिकलेल्या फळांच्या बिया. कितीही भाजा, रंग घेत नाहीत. मूठभर कॉफीत अशा चार बिया असल्या तरी कपात कच्च्या शेंगदाण्याची चव उतरते. वेचून काढा.

बीच्या सपाट बाजूवर काळे गोल चट्टे दिसले तर कढई फार तापलेली होती किंवा हात थांबला. टोकं तेवढी जळाली असतील तर आच सुरुवातीला जास्त होती. चव गवतासारखी, आंबट-कच्ची लागली तर क्रॅकनंतर अर्धं मिनिट जास्त द्या. चट्टे नाहीत, रंग छान, तरी कॉफी पुठ्ठ्यासारखी लागते आहे? बहुधा एकूण वेळ 15-16 मिनिटांच्या पुढे गेला. पुढच्या वेळी कढई जास्त तापवून घ्या. कढईत थोडाफार असमानपणा राहणारच. दोन छटा चालतात, पाच नाहीत.

डबा आणि वाट बघणं

ताज्या भाजलेल्या बियांमधून कार्बन डायऑक्साइड निघत राहतो, सर्वांत जास्त पहिल्या दिवशी. म्हणून पहिली रात्र डब्याचं झाकण सैल ठेवा, दुसऱ्या दिवशी घट्ट लावा. काचेच्या बरणीला ऊन लागू देऊ नका. स्टीलचा डबा त्याहून बरा. फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही, पावसाळ्यात तर मुळीच नाही, कारण दर वेळी डबा बाहेर काढला की बियांवर ओल धरते.

त्याच दिवशी कॉफी करून बघायची इच्छा होणारच. एक कप करा. गरम पाणी पडताच फेसाचा मोठा फुगा येईल, वास घरभर जाईल, आणि चव मात्र धुरकट, उग्र लागेल. नाराज होऊ नका. चौथ्या दिवसापासून ती बसायला लागते, पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत चांगली लागते. एस्प्रेसो करणार असाल तर आठवडाभर थांबा. फिल्टर कॉफीसाठी चिकोरी (एका झाडाचं मूळ) घालायची असेल तर तिची भाजलेली पूड वेगळी मिळते, ती दळल्यानंतर मिसळा.

डब्यावर कागदाची पट्टी लावून तारीख आणि वहीतला घाण्याचा क्रमांक लिहा. चौथ्या दिवशी सकाळी दूध न घालता अर्धा कप घ्या, तो कोमट होईपर्यंत थोडा थोडा प्या, आणि जे काही जिभेला लागलं ते, संत्र्याचं साल असो की गूळ की करपलेली पोळी, वहीत त्या घाण्याच्या ओळीपुढे लिहा. मग पुढचे 150 ग्रॅम निवडायला घ्या.